श्रवणलाभासाठी अर्ज

निरगुडसरच्या संपतरावांना आयुष्यात एकदाच पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली, आणि तीही एका इंग्रजी कॅसेटपायी. तालुक्याच्या कचेरीत चोवीस वर्षं आवक-जावक सांभाळलेला माणूस. मे महिन्यातसुद्धा शर्टाचं वरचं बटण न काढणारा, सख्ख्या भावाच्या वरातीतही पाय न हलवलेला. असा माणूस ठाण्यात जाऊन आला हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगितलेलं बरं.

संपतरावांचे वडील गेणभाऊ. घरात त्यांना तात्या म्हणत. वय पंचाहत्तर, गुडघे शाबूत, दात निम्मे शाबूत, कान मात्र पाच-सहा वर्षांत हळूहळू गेलेले. तालुक्याला शिबिर झालं तेव्हा कानात घालायचं यंत्र मिळालं होतं. तात्यांनी ते दोन दिवस वापरलं आणि काढून देव्हाऱ्यात ठेवून दिलं. "यात माणसं कमी आन् रातकिडंच जास्त बोलत्यात," म्हणाले.

मग त्यांनी आपली एक युक्ती काढली. समोरचा काहीही बोलला की "बरं, बरं" म्हणायचं. या "बरं, बरं"पायी शेजारच्यांच्या चार शेळ्या वर्षभर यांच्या गोठ्यात राहिल्या, आणि तात्या एका कुस्ती संघाचे उपाध्यक्ष झाले. इथवर गंमत होती. पण दोन वर्षांपूर्वी तात्यांनी पारावर जाणं एकाएकी बंद केलं. हयातभर सकाळ-संध्याकाळ पारावर बसलेला माणूस ओसरीच्या बाजेवर पाय घेऊन बसला तो उठेचना. का, म्हणून विचारलं तर, "बरं, बरं."

संपतरावांनी मनाशी नोंद केली, की वय झालं. आणि खरं सांगायचं तर या "बरं, बरं"ची त्यांना सवयही झाली होती. घरात एक तरी माणूस आपलं म्हणणं मान्य करतो, हे कचेरीतून दमून आलेल्या माणसाला सुखाचंच वाटतं.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत स्नेहल, त्यांची मुलगी, पुण्याच्या होस्टेलवरून सुट्टीला आली. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. तिच्या पिशवीत एक कॅसेट होती. मैत्रिणीच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली, वर तिच्याच अक्षरात एवढंच लिहिलेलं: 'लाइव्ह. दोन्ही बाजू ऐक.' नरकचतुर्दशीच्या दुपारी तिनं ती माजघरातल्या टेपवर लावली.

संपतराव जेवून आडवे झाले होते. त्यांना आधी वाटलं, दगडाचा ट्रक उलटला. पाठोपाठ त्या ट्रकखाली कुणीतरी सापडल्यासारखा ओरडायला लागला. ते तरातरा माजघरात आले, टेप बंद करायला हात पुढे केला, आणि तसाच राहिला. कारण तात्या ओसरीवरून आत आले होते आणि टेपच्या जाळीवर तळहात ठेवून उभे होते.

"कुठली जत्रा गं ही?" तात्यांनी नातीला विचारलं. दोन वर्षांत त्यांनी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

स्नेहलनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "जत्रा नाही तात्या, गाण्याचा कार्यक्रम आहे! परदेशातला! तीस हजार माणसं आहेत समोर!"

"तेच म्हंतो मी. माणसं लई हायेत. आन् ह्यो ढोल कोन वाजवतोय? दोन्ही पायांनीबी वाजवतोय का काय?"

"हो! दोन्ही पायांनी!"

"वाटलंच," तात्या म्हणाले आणि तिथंच मांडी घालून बसले.

स्नेहलनं नंतर वडिलांना समजावलं, की म्हातारपणी बारीक आवाज आधी जातात आणि जाड आवाज मागे राहतात. आपण बोलतो ते तात्यांना पोचत नाही, पण ढोल, जाड तारांची गिटार आणि तीस हजार माणसांचा गजर पोचतो. संपतराव म्हणाले, "मग भजन ऐकवावं." भजन लावून पाहिलं. तात्यांनी पाच मिनिटं हात ठेवला आणि म्हणाले, "हे लोक खोलीत बसल्यात. त्ये दुसरं लाव, जिथं माणसं हायेत."

एका गाण्याच्या शेवटी तो गायक दमलेल्या आवाजात काहीतरी विचारत असे. तात्यांनी विचारलं, काय म्हणतोय. स्नेहल म्हणाली, "मागं उभ्या असलेल्यांना विचारतोय, तुम्हाला ऐकू येतंय का!"

"यीतंय की!" तात्यांनी टेपला उत्तर दिलं.

सुट्टी संपली, स्नेहल कॅसेट ठेवून गेली. तेव्हापासून रोज दुपारी चारला निरगुडसरात तीस हजार माणसं जमू लागली. शीलाताईंना, म्हणजे संपतरावांच्या पत्नीला, पहिले आठ दिवस डोकेदुखीच्या गोळ्या लागल्या. पुढे त्या त्याच तालावर भाकरी थापू लागल्या. संपतरावांना मात्र ही गोष्ट बाहेर कळू नये असं मनापासून वाटे. आपल्या घरातून असा आवाज येणं हे वरिष्ठ लिपिकाच्या पदाला शोभणारं नाही, असं त्यांचं मत होतं. आणि हे मतच पुढे अंगाशी आलं.

जानेवारीत त्यांचे साहेब सहकुटुंब हुरडा खायला आले. यायची वेळ पाचची, आले चारला. दारात जीप थांबली आणि आत तो गायक नेमका ओरडायला लागला. संपतराव धावले. घाईत कोणतं बटण कोणतं ते कळेना, तेव्हा त्यांनी झाकण उघडून कॅसेट उपसूनच काढली. मागोमाग टेपची फीत शेवयांसारखी हातभर बाहेर आली आणि तुटली.

तात्या जाळीवरचा हात तसाच ठेवून बघत होते. मग त्यांनी हात काढून घेतला.

"बरं, बरं," म्हणाले आणि ओसरीवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले.

त्या दिवशी हुरडा फार चांगला होता असं साहेब पुढे महिनाभर सांगत होते. संपतरावांच्या तोंडाला त्याची चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुरुस्ती हातात घेतली. स्नेहलला कळवायचं नाही हे ठरलेलंच होतं. बाप कॅसेट तोडतो हे मुलीला कळणं बरं नव्हे. शेजारचे सयाजी वायरमन म्हणून निवृत्त झालेले. ज्या वस्तूत वायर किंवा वायरीसारखं काही असेल तिच्यावर आपला अधिकार आहे असं ते मानत.

"ह्याला नेलपॉलिश लागतंय," सयाजी म्हणाले. "आमचा मेव्हणा असंच जोडतो."

"मेव्हणे रेडिओत आहेत?"

"न्हाई, दुधाच्या गाडीवर हाय. पर हात बसलाय त्याचा."

निरगुडसरच्या दुकानातून वरिष्ठ लिपिकानं स्वतः जाऊन नेलपॉलिश आणलं. दुकानदारीणबाईंनी रंग कोणता विचारला. "कोणताही," संपतराव म्हणाले, आणि ही बातमी त्यांच्या आधी घरी पोचली. लाल रंगानं फीत जोडली, पेन्सिल घालून गुंडाळली, कॅसेट लावली. जोडताना फितीला कुठंतरी पीळ पडला होता. अर्धं गाणं झालं आणि पुढचं सगळं उलटं आणि खोल विहिरीतून आल्यासारखं वाजू लागलं. तात्यांनी जाळीला हात लावून पाहिला. "आज सगळी मंडळी आजारी दिसत्यात," म्हणाले आणि परत बाजेवर गेले.

तेव्हा संपतराव अर्ध्या दिवसाची रजा टाकून मंचरच्या कॅसेटच्या दुकानात गेले.

"काय देऊ, साहेब?"

"लाइव्ह," संपतराव हळूच म्हणाले.

"कुणाचं?"

हाच तर घोटाळा होता. "इंग्रजी आहे. चार-पाच जण आहेत. पुष्कळ मोठ्यानं गातात."

"समदेच मोठ्यानं गात्यात, साहेब. चाल सांगा, चाल."

संपतरावांनी मागंपुढं पाहिलं, घसा साफ केला आणि दाबलेल्या आवाजात "ढांग ढांग ढढांग" असं काहीसं म्हटलं. दुकानदार म्हणाला, "जरा मोकळ्या आवाजात." दुसऱ्या वेळी ते थोडे मोकळे झाले. तिसऱ्या वेळी काउंटरवर दोन्ही हातांनी ठेका धरून त्यांनी गायकाची ती किंचाळी घेतली. ती बऱ्यापैकी जमली असं त्यांना स्वतःलाही वाटलं. दुकानात एकदम शांतता झाली म्हणून त्यांनी मागं वळून पाहिलं, तर त्यांच्याच कचेरीतला शिपाई गोकुळ बालगीतांची कॅसेट छातीशी धरून उभा.

"साहेब," गोकुळ अदबीनं म्हणाला, "उद्याचीबी रजा टाकू का तुमची?"

दुकानदाराला चाल ओळखता आली नाही. पण त्याला दया आली. तो म्हणाला, नवी मिळायची नाही, जुनीच जोडून घ्या. नारायणगावला भागू साउंडवाला आहे, तमाशाच्या फडांबरोबर वीस वर्षं कर्णे लावत हिंडलाय, फितीचं काम त्याच्यासारखं कुणाला येत नाही.

रविवारी संपतराव नारायणगावात. भागूचं दुकान म्हणजे स्पीकरच्या खोक्यांमधली एक फट होती आणि त्या फटीत भागू बसलेला. त्यानं लाल नेलपॉलिश पाहिलं, संपतरावांकडं पाहिलं. ब्लेडनं तेवढा तुकडा कापला, पातळ चिकटपट्टीनं फीत सरळ जोडली आणि तपासायला कॅसेट मोठ्या खोक्यावर लावली.

गजर उठला. भागूची विडी ओठातच राहिली. अख्खं गाणं संपेपर्यंत तो हलला नाही.

"साहेब, ह्यो आवाज कुणी धरलाय?"

"गायक परदेशी आहेत," संपतरावांनी खुलासा केला.

"गायकाचं सोडा वो. माणसं कुणी धरली? आमी तीन हजार पब्लिकमधी बाईचा आवाज धराया बघतो, तर पब्लिक आवाजाला खाऊन टाकतंय. हितं तीस हजार हायेत, समदी वेगवेगळी ऐकू यित्यात, आन् गाण्याला धक्का न्हाई. हे बघा, हितं गडी ताल चुकला." भागूनं फीत मागं घेतली. "ऐकलं? चुकला आन् हसला. आन् ठेवलंय तसंच. पुसलं न्हाई. लई मोठी माणसं हायेत ही."

संपतरावांनी ती कॅसेट दोन महिने दर सुट्टीच्या दिवशी ऐकली होती, म्हणजे कानांवर पडू दिली होती. तो गायक हसतो हे त्यांना आत्ता कळलं.

मग भागूनं विचारलं, ऐकतं कोण हे? संपतरावांनी सांगितलं. वडील, कान, जाळीवरचा हात, हुरडा, सगळंच सांगितलं. का कोण जाणे, घरी शीलाताईंना जे बोलले नव्हते तेही त्या खोक्यांच्या फटीत बोलून गेले.

"आन् तुमी त्यांना एवढ्याशा डब्यातनं ऐकवता?" भागू म्हणाला. "फुडच्या रविवारी निमगाव सावाला लग्न हाय. दुपारी माझी गाडी मोकळी व्हती. चारला तुमच्या खळ्यात खोकी उतरवतो. तासभर वाजवू. म्हाताऱ्याला एकदा पोटभर ऐकू दे."

"परवाना लागेल," संपतराव म्हणाले.

"साहेब, तासाभराला कसला परवाना?"

पण संपतराव ते संपतरावच. चोवीस वर्षं त्यांनी लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढल्या होत्या. सोमवारी ते ठाण्यात हजर झाले.

"कार्यक्रम कसला?" जमादारांनी विचारलं.

"घरगुती."

"घरगुतीला एवढं साउंड कशाला?"

"वडिलांना कमी ऐकू येतं."

जमादारांनी पेन खाली ठेवलं. "गायक कोण?"

"परदेशी आहेत."

"उतरणार कुठं?"

"उतरणार नाहीत. कॅसेटमध्ये आहेत."

"मग असू द्या की कॅसेटमधीच!"

शेवटी अर्जाचा कागद मिळाला. त्यात धार्मिक, राजकीय, विवाह आणि इतर असे प्रकार होते. इतरपुढं खुलासा लिहायचा होता. संपतरावांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'वृद्ध पित्यास श्रवणलाभ व्हावा या हेतूने.' जमादारांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "गाण्यांत आक्षेपार्ह काही न्हाई, असंबी लिहून द्या."

आता आली पंचाईत. ते लोक काय गातात हे संपतरावांना ठाऊक नव्हतं. त्यांनी एसटीडी बूथवरून स्नेहलच्या होस्टेलला फोन लावला. कॅसेट तुटल्याचं कबूल केलं आणि विचारलं, "त्या गाण्यांचा अर्थ काय आहे?"

"एक युद्धाच्या विरुद्ध आहे, बाबा. एक वेड्यांच्या इस्पितळातल्या माणसाचं आहे. एक सैतानाबद्दल आहे."

"सैतानाच्या बाजूनं की विरुद्ध?"

"ते नक्की नाही सांगता येत."

फोन खरखरत होता म्हणून संपतराव मोठ्यानं बोलत होते, आणि बूथबाहेर सयाजी उभे होते. अर्जावर संपतरावांनी 'गीते युद्धविरोधी व प्रबोधनपर आहेत' असं लिहून सही केली. परवाना मिळाला. पण तोवर निरगुडसरात दोन बातम्या फिरत होत्या. एक, संपतराव इंग्रजी ऑर्केस्ट्रा आणतायत. दुसरी, संपतराव मशीन लावून तात्यांच्या अंगातला सैतान काढणार आहेत. दोन्ही गोष्टी बघण्यासारख्याच होत्या.

रविवारी चारला खळ्यात तीनशे माणसं. बायका पोती अंथरून बसलेल्या. भागूनं दोन्ही बाजूंना माणूसभर उंच खोकी रचली, मधे तात्यांची बाज. "अहो, काहीतरी बोला लोकांशी," शीलाताई म्हणाल्या. संपतराव माइकपुढं उभे राहिले, "उपस्थित ग्रामस्थ" एवढं म्हणाले आणि खाली बसले. भागूनं बटण दाबलं.

कांद्याच्या वावरामागून तीस हजार माणसं उठली. बैलांनी कान टवकारले, दोन कुत्री ओढ्याकडं पळाली. तात्यांनी डोळे मिटले, दोन्ही तळहात बाजेच्या लाकडावर पसरले. पहिली तीन गाणी कुणाला काही कळलं नाही. "आरं, गाणं कवा सुरू व्हनार?" असं मागून कुणीतरी विचारलंही. तपासणीला आलेले जमादार संपतरावांच्या कानाशी वाकले. "प्रबोधन कुठल्या गाण्यात हाय?"

"हे संपलं की," संपतराव म्हणाले.

मग ती जागा आली. सगळी वाद्यं थांबतात, गायकही थांबतो, आणि समोरची माणसंच पुढची ओळ उचलतात. नुसतं "ओ ओ ओ", शब्द नाहीतच. तात्यांनी हात वर केला आणि "ओ" धरला. सूर कुठच्या कुठं. पण त्यांचा आवाज जुना, बैल हाकलेला आवाज होता, शिवारभर जाणारा. शेजारची पोरं हसली आणि तीही "ओ" करू लागली. मग बायका. मग मागची रांग. लवकरच खळ्यातलं कोण आणि कॅसेटमधलं कोण हे वेगळं काढता येईना. आपल्याही तोंडातून आवाज निघतोय हे संपतरावांना शीलाताईंनी सांगितलं तेव्हा कळलं. "अहो, शिरा ताणू नका. उद्या कचेरी आहे."

पहिली बाजू संपली. भागू कॅसेट उलटायला वाकला, तेवढ्यात बायकांतून बयाबाई उठल्या. सत्तरीच्या, काठी टेकत आल्या. त्यांचे मालक भगवंत हे तात्यांचे जन्माचे सोबती, दोन वर्षांपूर्वी वारलेले.

"संपत, तुझा बा पारावर का येत न्हाई, ठावं हाय का तुला?"

संपतरावांना ठाऊक नव्हतं.

"आमचे मालक गेले, त्या दिशी मीच सांगाया आले व्हते. ह्यो म्हनला, 'बरं झालं, बरं झालं.' मागनं कुनीतरी त्याला खुनेनं सांगितलं. पार आमच्या दारासमोर, म्हनून तवापासनं तिकडं फिरकला न्हाई, माझ्याम्होरं आला न्हाई. मला ठावं व्हतं रं, त्याला ऐकाया आलं न्हाई. पर सांगावं कसं? त्याला ऐकायाच येत न्हाई!"

भागूनं उठून माइक बयाबाईंच्या हातात दिला.

"गेणभाऊ!" बयाबाईंचा आवाज दोन्ही खोक्यांतून फुटला, आणि पारावरच्या पिंपळावरची पाखरंसुद्धा उडाली. "मालक गेले तवा तू चुकून बोल्लास, त्ये मला ठावं हाय! माझ्या मनात काय न्हाई! ऐकाया येतंय का?"

तात्या बाजेवरून उठले. त्यांनी बयाबाईंसमोर हात जोडले. त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांना सापडेना, आणि "बरं" हा शब्द तर त्यांना त्या क्षणी उच्चारायचाच नव्हता.

"भगवंता असता," तात्या शेवटी म्हणाले, "तर त्यानं शिट्ट्या मारल्या असत्या."

"मारल्याच असत्या!" बयाबाई माइकमधून म्हणाल्या, डोळे पुसले आणि बाजेच्या कडेला बसल्या. "लाव रं बाबा दुसरी बाजू."

दुसरी बाजू पूर्ण वाजली. सैतानाच्या गाण्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. जमादारांनी वहीत 'शांततेत पार पडले' असं लिहिलं, जे कुठल्याही अर्थानं खरं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी संपतराव एसटीतून उतरले, तेव्हा फाट्यावरच त्यांना तात्यांचा आवाज ऐकू आला. पारावर बसून तात्या कांद्याच्या रोपांवरून सयाजींशी भांडत होते, आणि सयाजी त्यांना तेवढ्याच मोठ्यानं उत्तर देत होते. पारावरचे बाकीचेही ओरडूनच बोलत होते. कुणाला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. संपतराव नेहमीसारखे मान खाली घालून बाजूनं निघाले. पारावर बसणं हे पदाला शोभत नाही म्हणून ते चोवीस वर्षं तिथं बसले नव्हते.

"ये संपत!" तात्या ओरडले. "सरका रं, त्याला बसू द्या. च्या घेतो का?"

सयाजी सरकले. संपतराव पिशवी मांडीवर घेऊन टेकले, वडिलांच्या कानाकडं वाकले, आणि मग वाकायचं सोडून सरळ बसून म्हणाले, "घेतो!"

ते इतक्या मोठ्यानं म्हणाले, की समोरच्या हॉटेलवाल्यानं न विचारताच सगळ्या पाराचा चहा टाकला.